'यंग आइनस्टाइन' मुलांना दाखवायचा असेल तर

शनिवारच्या मराठी वर्गात मी मुलांना मोठ्या माणसांच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होते. आइनस्टाइनचं नाव निघालं आणि नऊ वर्षांचा एक मुलगा ताडकन उभा राहिला. "काकू, तो टास्मानियाचा होता. त्याच्या बाबांची सफरचंदांची बाग होती. त्याने छिन्नी-हातोडीने बिअरचा अणू फोडला." बाकीची मुलं हसली, तो मात्र हसत नव्हता. शेजाऱ्यांकडे त्याने 'यंग आइनस्टाइन' हा सिनेमा पाहिला होता आणि ते सगळं त्याला खरं वाटलं होतं.

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. २००४ मध्ये सिडनीला आले. त्या दिवशी मला आधी रागच आला. मग घरी जाऊन तो सिनेमा पूर्ण पाहिला आणि राग निवळला. आता जूनच्या लाँग वीकेंडला, बाहेर थंडी असते तेव्हा, आठ-दहा मुलं घरी बोलावून मी तो दाखवते. तुम्हालाही दाखवायचा असेल, तर मी कसा दाखवते ते सांगते.

सिनेमा १९८८ चा, लांबी ९१ मिनिटं. लेखन (डेव्हिड रोच यांच्याबरोबर), निर्मिती, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका सगळं याहू सीरियस यांचं. न्यूकॅसलजवळच्या कार्डिफमध्ये जन्मलेल्या या माणसाचं मूळ नाव ग्रेग पीड. रीतसर अर्ज करून त्यांनी ते बदलून घेतलं. गोष्ट थोडक्यात अशी: ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा अल्बर्ट बिअरमध्ये बुडबुडे आणण्याच्या नादात ई = एमसी² (ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग) शोधतो. सूत्राचं पेटंट घ्यायला सिडनीला निघतो. आगगाडीत त्याला मारी क्युरी भेटते आणि प्रेस्टन प्रेस्टन नावाचा लबाड पेटंट अधिकारीही भेटतो. सूत्र चोरीला जातं, अल्बर्टला वेड्यांच्या इस्पितळात डांबतात, तो व्हायोलिनला वीज जोडून रॉक अँड रोल शोधतो आणि शेवटी पॅरिसमध्ये बिअरच्या पिंपाचा अणुबाँब गिटार वाजवून थोपवतो. ऑस्ट्रेलियात सिनेमा तुफान चालला, अमेरिकेतल्या समीक्षकांनी तो झोडपला. मुलांना आवडतो, हे मी माझ्या हॉलमध्ये बसून पाहिलंय.

आधी एकट्याने पाहून घ्या. मांजरीची पिल्लं पाय नावाच्या भाजलेल्या पदार्थात घालतात असा एक प्रसंग आहे. पिल्लं वाचतात, पण ज्या घरात मांजर आहे त्या घरातली लहान मुलं त्या दोन मिनिटांत रडकुंडीला येतात. तेव्हा "पिल्लं वाचणार आहेत" एवढं आधीच सांगून टाका. इस्पितळातल्या न्हाणीघरात पुरुष उघडे दिसतात, तेही पालकांच्या कानावर घाला. बिअर तर सिनेमाभर आहे. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना मी बोलावत नाही.

सिनेमा सुरू होण्याआधी टेबलावर एक बाटली मांडायची. पाव लिटर कोमट पाणी घ्या; कोमट म्हणजे तान्ह्या बाळाला अंघोळ घालतो तितकंच. त्यात दोन मोठे चमचे साखर विरघळवा, दोन छोटे चमचे कोरडं यीस्ट घाला, हलवा, अर्ध्या-पाऊण लिटरच्या बाटलीत ओता आणि तोंडाला फुगा चढवा. फुगा आधी तोंडाने एकदा फुगवून सैल करून घ्यावा, नाहीतर तो ताठ राहतो. सिडनीत जूनमध्ये घर गार असतं, म्हणून बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवते आणि मध्ये एकदा पाणी बदलते. मुलांना काही सांगायचं नाही. सिनेमा संपेपर्यंत फुगा उभा राहिलेला असतो.

सिनेमा मध्येच थांबवू नका. पहिल्या वर्षी मी दर पाच मिनिटांनी थांबवून खुलासा करत होते. अर्ध्या तासात मुलं उठून अंगणात गेली, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांना आधी मनसोक्त हसू द्यायला हवं. आता मी प्रत्येकाला एक वही देते, पानावर मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे "सिनेमात", उजवीकडे "खरं". पाहताना जे विचित्र वाटेल ते डावीकडे एका शब्दात लिहायचं: सफरचंद, बिअर, मारी, डार्विन. उजवी बाजू कोरीच ठेवायची.

मग पोहे. नंतर गोल बसून उजवी बाजू भरायची. एकेका खोट्याशेजारी त्याच संध्याकाळी खरी गोष्ट ठेवली, तर ती खोटी गोष्टच खऱ्या गोष्टीची आठवणखूण होऊन बसते. दोन आठवडे मध्ये गेले, की डोक्यात फक्त सफरचंदांची बाग उरते. म्हणून सिनेमा एका दिवशी आणि गप्पा दुसऱ्या दिवशी असं अजिबात करू नका.

सुरुवात बाटलीपासून करा, मुलांचं लक्ष तिकडेच असतं. फुगा कोणी फुगवला? आमच्याकडच्या मुलांना इडलीचं पीठ रात्रीत कसं वर येतं ते माहीत असतं, त्यामुळे "पीठ आंबतं तसं" हे उत्तर कोणीतरी देतंच. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बिअरमधले बुडबुडे त्याच वायूचे. त्यासाठी कुणालाही अणू फोडावा लागलेला नाही. टास्मानियातल्या होबार्टची कॅस्केड ब्रुअरी १८२४ ची आहे, आइनस्टाइनच्या जन्माच्या ५५ वर्षं आधीची. शिवाय "बिअरचा अणू" असा काही नसतो. बिअर बहुतांशी पाणी, आणि पाण्याचा असतो रेणू: हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. इथली मुलं शाळेत ॲटम आणि मॉलिक्यूल म्हणतात, घरी अणू आणि रेणू. चारही शब्द एकदम वहीत येऊ देते.

छिन्नी-हातोडीने अणू का फुटत नाही, हे सांगायला मी क्रिकेटचं मैदान वापरते. अख्खा अणू दीडशे मीटरच्या मैदानाएवढा धरला, तर त्याचं केंद्र खेळपट्टीवर पडलेल्या मोहरीच्या दाण्याएवढं. खरोखरचा मोहरीचा दाणा तळहातावर ठेवा. छिन्नीची धारही अणूंचीच बनलेली, तीही अशीच मोकळी मैदानं. १९३२ मध्ये केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनचा मारा करून लिथियमचं अणुकेंद्र फोडलं, तेव्हा आइनस्टाइनच्या सूत्राचा ताळाही प्रयोगात जमला.

सूत्राचं गणित मुलांकडूनच करून घ्या. एक ग्रॅम वस्तुमान, म्हणजे साधारण एका कागदी क्लिपचं. ते सगळं ऊर्जेत बदललं, तर सुमारे अडीच कोटी युनिट वीज. घराचं बिल महिन्याला ३०० युनिट धरलं तर वर्षाला ३६००. भागाकार करा: जवळजवळ सात हजार घरांची वर्षभराची वीज. हा आकडा मी कधीच आधी सांगत नाही. कॅल्क्युलेटरवर तो स्वतःच्या बोटांनी आला, की मुलं पुन्हा पुन्हा तपासून पाहतात.

आता सफरचंद. खरा आइनस्टाइन १४ मार्च १८७९ ला जर्मनीतल्या उल्म गावात जन्मला आणि म्युनिकमध्ये वाढला. वडील हेर्मान आणि काका याकोब यांचा विजेच्या उपकरणांचा कारखाना होता. १८९४ मध्ये तो बुडाला आणि कुटुंब इटलीला गेलं. अल्बर्ट चार-पाच वर्षांचा असताना आजारी पडून अंथरुणात होता, तेव्हा वडिलांनी त्याला होकायंत्र दाखवलं. सुईला कोणी हात लावत नाही, तरी ती एकाच दिशेला वळते, हे त्याच्या मनात कायमचं बसलं. मोठेपणी त्याने स्वतः ते लिहून ठेवलंय.

म्हणून मुलांच्या हातात होकायंत्र द्याच. मी दोन ठेवते, एक सिडनीत विकत घेतलेलं, एक साताऱ्याहून आणलेलं. साताऱ्याचं इथे सपाट धरलं तरी सुईचं दक्षिण टोक खाली झुकतं आणि तळाला घासतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे जमिनीला समांतर नसतं. महाराष्ट्रात ते उत्तरेकडे थोडं खाली कलतं. सिडनीत मात्र त्याचा कल उलटा आणि खूप तीव्र आहे, त्यामुळे सुईचं दक्षिण टोक खाली खेचलं जातं. म्हणून होकायंत्र बनवणारे त्या त्या भागासाठी सुईचं वजन वेगळं तोलतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं होकायंत्र बिघडलं. कारण कळलं, तेव्हा मी कितीतरी वेळ ते हातात धरून बसले होते. आजी-आजोबा भारतातून येणार असतील तर त्यांना एक स्वस्त होकायंत्र घेऊन यायला सांगा. दोन्ही शेजारी ठेवली की मुलांना पृथ्वी गोल असल्याचं एरवीपेक्षा वेगळंच भान येतं.

पेटंट ऑफिसवर फार वेळ घालवू नका. तेवढा भाग अर्धा खरा आहे: १९०२ पासून आइनस्टाइन बर्नच्या पेटंट कार्यालयात तृतीय श्रेणीचा तांत्रिक तपासनीस होता, आणि १९०५ चे ते प्रसिद्ध लेख त्याने तिथे नोकरी करतानाच लिहिले. डार्विनचंही लवकर आटपतं. सिनेमात तो पॅरिसच्या समारंभात हजर आहे, खरा डार्विन १८८२ मध्येच वारला होता. पण एक गंमत जरूर सांगा: आइनस्टाइनने ऑस्ट्रेलियात कधीच पाऊल ठेवलं नाही, डार्विन मात्र १८३६ मध्ये 'बीगल' जहाजातून सिडनीला आला, होबार्टलाही गेला आणि त्याचा सत्ताविसावा वाढदिवस होबार्टमध्ये असतानाच झाला. टास्मानियाचा हक्क सांगायचाच तर डार्विनवर सांगता येईल. सिनेमात लाटांवर फळी घेऊन जाणाऱ्या अल्बर्टसाठी सिडनीचा फ्रेशवॉटर बीच: तिथे डिसेंबर १९१४ मध्ये हवाईच्या ड्यूक कहानामोकू यांनी लाटेवर उभं राहून दाखवलं आणि अख्खी सिडनी त्या वेडाला लागली. जमलं तर दुसऱ्या दिवशी मुलांना तिथे घेऊन जा.

मारी क्युरीसाठी मात्र वेळ राखून ठेवा, माझा अर्धा तास तिथेच जातो. सिनेमात ती सिडनी विद्यापीठात शिकणारी, अल्बर्टच्या प्रेमात पडणारी तरुणी आहे. खरी मारी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, वॉर्साची. १९०३ मध्ये तिला पती पिएर आणि हेन्री बेकरेल यांच्याबरोबर नोबेल मिळालेलं. १९ एप्रिल १९०६ ला पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून पिएर गेला. घरात दोन मुली, धाकटी ईव्ह दीड वर्षाची. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला मारी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात व्याख्यानाला उभी राहिली. तिथे शिकवणारी ती पहिली स्त्री. तिने प्रस्तावना केली नाही, पिएर जिथे थांबला होता तिथून पुढे शिकवायला सुरुवात केली. १९११ मध्ये तिला दुसरं नोबेल मिळालं, या वेळी रसायनशास्त्राचं, एकटीला.

हे सांगताना मी आवाज चढवत नाही, पाडतही नाही. तरी दरवेळी खोली शांत होते. एका वर्षी बारा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मग सिनेमात तिला नुसती गर्लफ्रेंड का केलं?" प्रश्न अगदी रास्त होता आणि मी तो तिथल्या मुलांपुढेच ठेवला. आइनस्टाइन आणि मारी यांची मैत्री खरी होती. १९११ मध्ये ब्रुसेल्सला भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्वे परिषदेत दोघं एकत्र होती, १९१३ मध्ये मुलांना घेऊन स्वित्झर्लंडच्या डोंगरात भटकली. पण जिच्याशी त्याचं लग्न झालं ती मिलेवा मारिच, झुरिकला त्याच्याच वर्गात भौतिकशास्त्र शिकणारी एकमेव मुलगी. १९०३ मध्ये त्यांनी लग्न केलं. सिनेमात ती कुठेच नाही. वहीत मी मुलांना डावीकडे एक रिकामा चौकोन काढायला सांगते आणि त्याच्यासमोर उजवीकडे मिलेवाचं नाव लिहायला लावते.

इस्पितळाचे प्रसंग मुलांना सर्वात विनोदी वाटतात. लहानांशी मी एवढंच बोलते की आजारी माणसांना असं वागवणं चूक आहे. मुलं तेरा-चौदा वर्षांची असतील तर पुढचंही सांगते: आइनस्टाइन आणि मिलेवाचा धाकटा मुलगा एदुआर्द विशीत स्किझोफ्रेनियाने आजारी पडला, त्याच्या आयुष्याचा बराच काळ झुरिकच्या मनोरुग्णालयात गेला आणि १९६५ मध्ये तो तिथेच वारला. ज्यांच्या घरात असा आजार आहे अशी मुलं आपल्यासमोर बसलेली असू शकतात, म्हणून हे सांगायचं की नाही ते चेहरे बघून ठरवा.

ऑस्ट्रेलियाचा आइनस्टाइनशी खरा संबंध काय, असं कोणी विचारलंच तर (नाही विचारलं तर तुम्ही विचारा) नकाशावर वायव्य किनाऱ्यावरचं वालाल दाखवा. २१ सप्टेंबर १९२२ ला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला इतका वाकेल, असं आइनस्टाइनचं गणित सांगत होतं. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. दहा सेंटचं नाणं पावणेतीन किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा हा कोन. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि त्यांचे सहकारी उपकरणं घेऊन त्या ओसाड किनाऱ्यावर उतरले, तंबू ठोकले, तिथल्या न्यांगुमार्ता लोकांनी त्यांना मदत केली. मोजणीचं उत्तर १.७२ आलं. भारतातूनही कोडाईकनाल वेधशाळेचे एव्हरशेड आपलं पथक घेऊन वालालला आले होते. हे मला ऑस्ट्रेलियात येऊन कळलं. शिकवत होते त्या सगळ्या वर्षांत कळलं असतं तर किती बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

शेवटचा प्रसंग सर्वात अवघड आहे, आणि त्यासाठी मुलांना जागं ठेवा. अल्बर्ट टास्मानियाला परततो आणि आपलं सूत्र जगाला देऊन टाकणार म्हणतो. सरकारांनी त्यातून बाँब बनवले तर, ही शंका निघते. तो सरकारांवर विश्वास ठेवतो आणि गाणं सुरू होतं. १९८८ मध्ये थिएटरात बसलेल्या ऑस्ट्रेलियन माणसाला त्यातली बोच समजत होती, आपल्या मुलांना ती सांगावी लागते. ब्रिटनने १९५२ मध्ये माँटे बेलो बेटांवर, १९५३ मध्ये इमू फील्डला आणि १९५६-५७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगाला अणुचाचण्या केल्या. त्या जमिनीचे मूळ रहिवासी आनांगू लोक घराबाहेर काढले गेले. या चाचण्यांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १९८५ मध्ये आला, म्हणजे सिनेमाच्या तीनच वर्षं आधी. मारालिंगाच्या जमिनीचा शेवटचा तुकडा लोकांना परत मिळायला २००९ उजाडलं. नकाशावर ही तीन ठिकाणं मुलांनाच शोधू द्या, पेन्सिलने खूण करू द्या.

"त्याने सूत्र सांगितलंच नसतं तर?" हा प्रश्न येतोच. याचं उत्तर नीट द्या. सूत्र सांगतं की वस्तुमानात ऊर्जा किती; ती बाहेर कशी काढायची ते सांगत नाही. युरेनियमचं केंद्र दुभंगतं हे १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांच्या प्रयोगातून निघालं. त्याचा अर्थ लीझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये, बर्फात फिरता फिरता लावला. हिटलरच्या हाती बाँब आधी पडेल या भीतीने आइनस्टाइनने अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या २ ऑगस्ट १९३९ च्या पत्रावर सही केली, आणि पुढे त्याला त्या सहीचा पस्तावा झाला. १९५५ मध्ये, मरणाच्या आठवडाभर आधी, त्याने अण्वस्त्रांविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली. हिरोशिमावरच्या बाँबमध्ये एक ग्रॅमपेक्षाही कमी वस्तुमान ऊर्जेत बदललं होतं. सात हजार घरांचा आकडा मुलांच्या वहीत लिहिलेला असतोच. तो ती उघडून बघतात.

यानंतर मी लगेच काही बोलत नाही. चहा टाकते, मुलांना दूध. वह्या त्यांच्या त्यांना घरी नेऊ देते, पण उजवी बाजू पूर्ण भरली आहे का ते दारातच पाहून घेते; अर्धी कोरी वही घरी गेली, की आईबाबा फक्त डावी बाजू वाचतात. तो पहिला मुलगा आता हायस्कुलात आहे. गेल्या दोन वर्षांपासून बाटली तोच मांडतो आणि यीस्ट घालण्याआधी पाण्यात बोट बुडवून बघतो.